जावळ होईपर्यंत

उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर दिसायला लागले की लोकांना थंडी आठवते, हुरडा आठवतो, संक्रांत आठवते. मला राग आठवतो. आठवतो कसला, येतोच. परवा अंबडच्या रस्त्याला स्कूटीवरून जाताना पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर छपराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरने लावलेलं गाणं असं की आपलाच हॉर्न आपल्याला ऐकू येऊ नये. उसाची पाती हेल्मेटला घासत होती. मागे बसलेल्या वेदूने, माझ्या पहिलीतल्या मुलाने, पाठीवर थाप मारून विचारलं, "आई, तू कोणाला बोलू राह्यलीस?" मी त्या ट्रॅक्टरशी मोठ्याने भांडत होते, हे मला तेव्हा कळलं.

बिचाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा काही दोष नव्हता. पण सहा वर्षांपूर्वीच्या माघात माझी नोकरी अशाच एका ट्रॅक्टरच्या मागे अडकून पडली होती, आणि साईड मिळत नव्हती.

मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. वेदू झाला श्रावणात. बाळंतपणाची रजा माघात संपत होती, आणि आमच्या कामाची खरी धांदल तेव्हाच सुरू होते, कारण खरिपाचं बियाणं तपासायला यायला लागतं. म्हणजे लेकराला कुठेतरी ठेवणं आलं. संजय, माझा नवरा, पतसंस्थेत. तो सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याजवळच राहतात, पण त्यांचे गुडघे कापूस वेचून वेचून कामातून गेलेले. खाली बसल्या की उठायला भिंत लागते. रांगायच्या बेतात आलेल्या पोरामागे त्या कुठून धावणार? तेव्हा पाळणाघर. एवढा साधा हिशेब होता.

पण त्या दिवसांत आमच्या गल्लीत, नात्यात, दवाखान्यात, भाजीच्या गाड्यावर, जो भेटेल तो एकच विचारायचा, "लेकरू तयार झालं का?" जणू लेकरू नाही, लोणचंच मुरायला घातलं होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, दात आल्याबिगर ठेवू नको. खालच्या हिरडीवर दाताची टोकं दिसायला लागली तर म्हणाल्या, दात येताना तर बिलकुल नको, लेकरू किरकिर करतं. संजयची चुलती म्हणाली, बसायला लागू दे. तो उशीला टेकून बसायला लागला, तर म्हणाली, आता रांगंल, कुठं पण जाईल, आता नको. एकीने सांगितलं, बोलता आलं पाहिजे, म्हणजे कुणी मारलं तर घरी येऊन सांगंल. या सगळ्यांच्या मताने वेदू तयार झाला असता तेव्हा त्याला पाळणाघर नाही, मुलगी बघावी लागली असती.

आणि हे सगळं मला विचारायचे. संजयला कुणीही, एकदाही, काहीही विचारलं नाही. त्याच्या पतसंस्थेत पेढे वाटले, टाळ्या झाल्या, संपलं. तो रोज डबा घेऊन जायचा, यायचा, लेकराला उचलून आभाळात फेकायचा, झेलायचा, आणि मी विषय काढला की म्हणायचा, "तुला जसं वाटंल तसं कर. माझं काहीच म्हणणं न्हाई." ऐकणाऱ्याला वाटावं, काय मोठ्या मनाचा माणूस. माझ्या मैत्रिणी म्हणायच्याही तसं. पण काहीच म्हणणं नसणं हे किती आरामाचं असतं! उद्या लेकराला सर्दी झाली तर ती माझ्या निर्णयाची सर्दी, आणि नोकरी गेली तर तीही माझ्याच निर्णयाने गेलेली.

मला कामावर परत जायचं होतं. पगारासाठी तर होतंच, पण मला ते काम आवडतं म्हणूनही होतं. हे दुसरं कारण मी तेव्हा कुणापुढे उच्चारलं नाही. आईला लेकरापेक्षा दुसरं काही आवडतं म्हटलं की लोक असं बघतात जसं काही आपण लेकराच्या तोंडचं दूध काढून मांजराला घातलं. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच अंगात नांदत होत्या. सकाळी आत्याबाई वेदूला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या, मी त्याच्या टाळूवर तेल सोडायचे, ते तेल मऊ जावळातून कानामागे ओघळायचं, ओव्याच्या धुरीत सगळी खोली भरून जायची, आणि मला वाटायचं, मरू दे ती नोकरी. मग दुपारी तो झोपला की खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली तूर दिसायची, आणि मला माझ्या प्रयोगशाळेतल्या ओल्या कागदाचा वास आठवायचा.

आमच्याकडे बी तपासतात ते असं. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळायचा, उबदार कपाटात ठेवायचा आणि वाट बघायची. काही दिवसांनी कागद उलगडला की पांढरे कोंब दिसतात. मला अजूनही दरवेळी बरं वाटतं ते बघून. आता समजा बी उगवलंच नाही. तर आम्ही लगेच बियाण्यावर शिक्का मारत नाही. आधी बघतो, कागद पुरेसा ओला होता का, कपाटात ऊब बरोबर होती का, मांडणाऱ्याच्या हातून काही चुकलं का. बियाण्याचा नंबर शेवटी. आणि इथे सहा महिन्यांच्या पोराला सगळे उलटंपालटं करून तपासत होते, पण त्याला जिथे रुजायचं ते घर, ती गल्ली, तो बाप तयार आहे का, हे कुणी उलगडून बघत नव्हतं.

पाळणाघर मी शोधून ठेवलं होतं. कंपनीच्या मागच्या वस्तीत मीराताईंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. भिंतींवर मुलांच्या हाताचे रंगीत ठसे, कोपऱ्यात चटया, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, स्वयंपाकघरातून मुगाच्या खिचडीचा वास. मी वेदूला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने काय केलं? मीराताईंचा चष्मा ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला, तर पुन्हा ओढला. त्या हसल्या, तो हसला. लेकरू तयार आहे की नाही ते मला माहीत नाही, पण त्याला तो चष्मा फार आवडला होता.

हे घरी येऊन सांगितलं तर समोरच्या काकू हळूच म्हणाल्या, "खाणंपिणं तिच्याच घरचं का मंग?" मी म्हटलं, हो, ताजी खिचडी करतात. काकू म्हणाल्या, "न्हाई, तसं काही न्हाई. पण लेकरू अजून लहानच हाय." मला सगळं कळलं. न कळायला काय झालं? याच काकूंची नात शहरातल्या मोठ्या शाळेच्या नर्सरीत जायची, तिथे शेकडो मुलांचं जेवण कोण शिजवतं हे त्यांनी कधी विचारलेलं नव्हतं. माणसाच्या मनातली घाण लपवायची असली की लेकराचं वय पुढे करायचं. माझं डोकं असं तडकलं की मी कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला, आणि त्या दिवशी डाळ कच्ची राहिली.

आत्याबाईंना मात्र मीराताईंचं काही वाटलं नव्हतं. त्यांची अडचण वेगळीच निघाली. त्या म्हणाल्या, "जावळ झाल्याबिगर लेकरू परक्याच्या उंबऱ्यात ठेवायचं न्हाई. आमच्यात तसं चालत न्हाई."

जावळ म्हणजे लेकराचे पोटातून आलेले केस. ते मामाच्या मांडीवर बसवून काढायचे आणि आत्याने पदरात झेलायचे. इथपर्यंत मला ठाऊक होतं. पण त्याआधी लेकरू बाहेर ठेवायचं नाही, हा नियम मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकत होते. संजयनेही ऐकलेला नव्हता. पण त्याचं काहीच म्हणणं नव्हतं.

बरं, करून टाकू जावळ. तर मामा कुठाय? मामा उसाच्या ट्रॅक्टरवर. माझा धाकटा भाऊ गणेश दिवाळीपासून गोदाकाठच्या रानांतून कारखान्याला ऊस वाहतो. त्याला सुट्टी मिळणार कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मगच. आणि त्या साली ऊस इतका की पट्टा कधी पडेल हे देवालाही सांगता येत नव्हतं. त्यात जावळ विषम महिन्यातच करायचं. सातवा चालू होता. हा चुकला की नववा. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "मॅडम, सीझन तोंडावर आलाय. येताय, का दुसरं माणूस बघू?" माझ्या जागेवर तात्पुरती आलेली मुलगी हुशार होती, हे मला माहीत होतं. मी बिनपगारी रजा वाढवून मागितली. त्यांनी थोडी दिली, आणि नंतर विचारू नका म्हणाले. मी त्यांना कारण काय सांगणार होते? ऊस संपलेला नाही, हे?

आता विचार करा. एका बाईचं शिक्षण, तिचं काम, तिचा हात बसलेला हुन्नर, हे सगळं एका पोराच्या केसांवर. ते केस भावाच्या मांडीवर. भाऊ ट्रॅक्टरवर. आणि ट्रॅक्टर उसाच्या मागे.

त्याच दिवसांत हळदी-कुंकवाला मी आणि आत्याबाई वेदूला घेऊन एसटीने तीर्थपुरीला चाललो होतो. तिथे माझं माहेर. वाटेत एका उसाच्या फडापाशी रस्त्यावर ट्रॉली भरत होती, म्हणून गाडी थांबली. खिडकीच्या अगदी खाली बैलगाडी सोडलेली, गाडीखाली लुगड्याची झोळी, झोळीत वेदूएवढंच पोर. त्याची आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. चढताना एकदा, उतरताना एकदा ती झोळीकडे बघायची. पोराच्या तोंडावर ऊन आलं होतं, आणि ते हाताने ऊन बाजूला सारायचा प्रयत्न करत होतं. आत्याबाईंनी च्-च् केलं. "कसं गोड लेकरू हाय बाई," म्हणाल्या. मी विचारलं, "आत्याबाई, याचं जावळ झालं असंल का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं येगळं असतं." "काय वेगळं असतं?" गाडी सुटली, आणि मग तीर्थपुरी येईपर्यंत त्या वेदूच्या टोपीचा बंद बांधत, सोडत, बांधत राहिल्या.

मला तेव्हा त्यांचा फार राग आला. त्या झोळीपुढे कुणी उभं राहून विचारलं नव्हतं की लेकरू तयार झालं का. तिथे दात, बसणं, रांगणं, विषम महिना, कसली म्हणून अट नव्हती. कारण त्या आईने न जाऊन चालणार नव्हतं. उसाला तिची गरज होती, कारखान्याला होती, आपल्या चहातल्या साखरेला होती. म्हणजे बाईचं काम दुसऱ्यांच्या गरजेचं असलं की लेकरू जन्मतःच तयार असतं. तिने स्वतःहून जायचं म्हटलं की मात्र त्याची टाळू अजून भरलेली नसते.

प्रयोगशाळेत गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, लेकराला पाळणाघरात टाकायला किती महिन्यांचं व्हावं लागतं?" टाकायला! कचरा टाकतात, केर टाकतात. शाळेत घालतात, कॉलेजात पाठवतात आणि पाळणाघरात टाकतात. तिचा दोष नाही, सगळे तसंच बोलतात, मीही बोलले असेन. मी तिला महिने सांगितले नाहीत. मी तिला विचारलं, "तुझा नवरा काय म्हणतो?" ती म्हणाली, "त्यांचं काहीच म्हणणं नाही." मग मी हातातला कागद खाली ठेवला आणि तिला कमलअक्कांची गोष्ट सांगितली. तीच आता इथे सांगते.

कमलअक्का माझ्या थोरल्या नणंद. संजयपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. शहागडला हायवेच्या कडेला त्यांच्या घरची चहाची टपरी आहे. ट्रकवाले, ड्रायव्हर, रात्रंदिवस राबता. त्या माघात एका रविवारी त्या आमच्याकडे आल्या. सोबत हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या. आल्या तशा फरशीवर बसल्या आणि आमच्यासाठी घाटे सोलायला लागल्या. संजय चहा पीत होता. वेदू अक्कांच्या मांडीवर, तोंडात हरभऱ्याचं पान. आंबट लागलं म्हणून तोंड वेडंवाकडं करत होता, आणि तरी सोडत नव्हता.

आत्याबाई म्हणाल्या, "कमल, मी काय म्हणते, तुझी आशू पाठव की इकडं. लेकराला धरायला. म्या देखरेखीला हायेच. पट्टा पडंस्तोरच. एकदा जावळ झालं की मंग काय, जाऊ दे त्याला त्या बाईकडं."

आशू म्हणजे अक्कांची धाकटी. सहावीत होती.

अक्का सोलतच होत्या. "आन् तिची साळा?"

"येवढ्यानं काय बुडती व्हय साळा? सहावीत तर हाय."

अक्कांचे हात थांबले. त्यांनी मांडीवरचे घाटे बाजूला सारले, वेदूला माझ्याकडे दिलं, आणि आवाज न चढवता बोलायला लागल्या. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, तुझ्या घरात पाळणाघर पहिल्यापासून हाय. त्याचं नाव कमल. हा संज्या झाल्ता तव्हा मी दुसरीत व्हते. माझी कंबर येवढीशी, त्याच्यावर हा बसायचा, घसरायचा, मी वर वढायची. बांधावर बाभळीला झोळी बांधलेली, तिची दोरी दिवसभर माझ्या हातात. मास्तर घरी आल्ते, आठवतं का तुला? तू त्यांला म्हणली व्हतीस, वेचणी झाली की पाठवते. कामून नाही पाठवलं मंग? कोणत्या वेचणीची वाट पाहू राह्यलीस अजून?"

संजयच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"सगळी गल्ली इचारू राह्यली, ह्याचं लेकरू तयार हाय का, तयार हाय का. मला इचारलं का कुणी, कमल, तू तयार हायेस का म्हणून? लेकरू व्हते की मी पण! आन् आता माझी पोरगी मागती?"

आत्याबाई भिंतीला धरून उठायला गेल्या, आणि अर्ध्यातच पुन्हा बसल्या. "मंग म्या काय करायला पायजे व्हतं?" त्या म्हणाल्या. "रान कोण येचणार व्हतं? लेकराला इचू-काट्यात एकलं टाकू? तूच सांग, म्या काय करायला पायजे व्हतं?" आणि त्या रडायला लागल्या, पदर तोंडावर घेऊन.

त्यांचंही खरं होतं. म्हणूनच माझा राग जागेवर राहीना. इतके दिवस मी तो त्यांच्यावर धरून होते, आणि आता कळत होतं की त्या नियमाच्या आड काय दडलं होतं. दुसऱ्याच्या हाती लेकरू देऊन आपण कामाला गेलो की कुणाचं तरी वाटोळं होतं, एवढंच त्या शिकल्या होत्या. त्या रानात सासरेही होते. औत हाकत होते, बाजाराला जात होते, पारावर बसत होते. झोळीची दोरी त्यांच्या हाती का नव्हती, हे मास्तरांनी विचारलं नाही, गावाने विचारलं नाही, आणि त्या रविवारी आमच्या घरातही कुणी विचारलं नाही. ते आता वारले. आता विचारून काय उपयोग? पण त्यांचा मुलगा समोर चहा घेऊन बसला होता.

आशू आली नाही, हे सांगायला नकोच. ती यंदा बारावीला आहे.

अक्कांनी डोळे पुसले नाहीत, कारण त्या रडल्याच नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "लाव तुझ्या भावाला फोन." मी लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून तीन-चार ट्रॅक्टरांची गाणी एकदम ऐकू आली.

"ताई, बोल. रांगेत हाय."

"कोणत्या रांगेत?" अक्कांनी विचारलं.

"कारखान्याच्या, दुसरी कोणती? कालपासून इथंच हाय. माझ्या म्होरं लई गाड्या हायेत. आज नंबर लागतो का न्हाई, काय माहीत."

"मंग तिथं बसून काय करून राह्यला?"

"काय करणार अक्का? मोबाईल पाहतो, झोपतो."

"म्हणजे मांडी रिकामीच हाय की तुझी."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. इतके दिवस आख्खं घर म्हणत होतं की मामाला सवड नाही, मामाचा सीझन आहे. आणि मामा दर खेपेला दिवस-दिवस रांगेत रिकामा बसून होता! सवड म्हणजे माणूस घरी येणं, जावळ म्हणजे मांडव, जेवणं, पाहुणे, असंच आमच्या डोक्यात बसलेलं. लेकराला मामाकडे न्यावं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आमच्याकडे लेकरू असलेली बाई हलत नाही, सगळं जग तिच्याकडे यायची वाट बघत ती बसते.

दुसऱ्या दिवशी जीप केली आणि निघालो. मी, वेदू, आत्याबाई, अक्का आणि रजा टाकलेला संजय. कारखान्याच्या अलीकडेच मळीचा उग्र गोड वास नाकात शिरला. रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, पाचटाचा खच, चाकांच्या सावलीत झोपलेले ड्रायव्हर. गणेशने तीर्थपुरीहून न्हावी बोलावून ठेवला होता. मोठ्या चाकाच्या आडोशाला घोंगडी अंथरली. गणेशने नवा टॉवेल मांडीवर घेतला, टोपी नीट केली आणि वेदूला बसवलं. अक्का पदर पसरून समोर बसल्या. आसपासच्या ड्रायव्हरांनी एकेक करून आपापली गाणी बंद केली. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण इतकी शांतता झाली की वस्तऱ्याचा खर्र खर्र आवाज ऐकू यायला लागला, आणि वेदू रडायचं सोडून गणेशच्या शर्टाचं बटण चोखत बसला.

अर्धं डोकं झालं आणि रांग हलली. मागून हॉर्न सुरू झाले. गणेश उठतो की काय असं झालं, न्हाव्याचा हात वर, वेदूचं डोकं एका बाजूने चंद्रासारखं, दुसऱ्या बाजूला जावळ. तेवढ्यात आत्याबाई, ज्यांना भिंतीशिवाय उठता येत नाही, त्या ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभ्या राहिल्या आणि अख्ख्या रांगेला ओरडल्या, "थांबा रे जरा! लेकराचं जावळ चालू हाय!"

रांग थांबली. खरंच थांबली. मागच्या एका ड्रायव्हरने हसत हॉर्नवरचा हात काढला आणि गणेशला म्हणाला, "होऊ दे मामा, बराबर होऊ दे." केस अक्कांच्या पदरात पडले, इतके थोडे, इतके हलके की वाऱ्याने उडतील म्हणून त्यांनी लगेच गाठ मारली. राजूरला गणपतीच्या दर्शनाला नंतर सवडीने गेलो. देवाने काही तक्रार केली नाही.

आणि त्याच आठवड्यात आम्ही वेदूला मीराताईंकडे घेऊन गेलो. सगळेच आले. अक्का म्हणाल्या, मला पाहायचंय, काय असतं ते. संजयच्या खांद्यावर दुपट्यांची पिशवी. वेदूने गुळगुळीत डोक्याने आत जाऊन पहिलं काम केलं ते म्हणजे चष्मा ओढला. अक्का मात्र दारातच उभ्या राहिल्या. चटया पाहिल्या, ठसे पाहिले, झोपलेली दोन पोरं पाहिली, त्यांना वारा घालणारी एक बाई पाहिली. मग आत येऊन तिथल्या ठेंगण्या खुर्चीवर बसल्या, मीराताईंनी दिलेला चहा घेतला आणि विचारलं, "ह्या बाईचं काम काय असतं?"

"लेकरं सांभाळायची."

"निस्ती लेकरं सांभाळायची? दुसरं काही न्हाई?"

"दुसरं काय? दिवस पुरत नाही त्याला."

"आन् त्याचा पगार भेटतो?"

"भेटतो की," मीराताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, बाई काम शोधतेय. "मला अजून एकजण पाहिजेच आहे. तुम्हाला लेकरं सांभाळायचा अनुभव आहे का?"

अक्कांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, आत्याबाईंकडे पाहिलं नाही. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या भावाकडे हनुवटीने दाखवलं.

"हा काय, हितंच उभा हाय. ह्यालाच इचारा."

मीराताईंनी हसून संजयकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, आहे का अनुभव?"

त्या अख्ख्या हंगामात संजयला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.